कापसाच्या खोलीतलं विमान

माझ्या साडूकडे तीन स्क्रीन आहेत. मधला मोठा आणि बाजूंचे दोन थोडे आत वळवलेले, म्हणजे खुर्चीत बसलं की समोर विमानाची काच आणि दोन्हीकडे खिडक्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे काही केलं ते या तीन स्क्रीनमुळे केलं. दुसऱ्याचा हेवा करू नये असं लोक म्हणतात. लोकांचं ठीक आहे. लोकांची मुलगी शनिवारी फोन करून असं सांगत नाही.

"मी ह्या रविवारले येत नही, पप्पा," मुलगी म्हणाली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, मावसाने, म्हणजे माझ्या साडूंनी, कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमध्ये नवं विमान टाकलंय, ते दोघं मिळून सुरतेला उतरवून बघणार आहेत.

ती अकरावीला नंदुरबारला असते, माझ्या मेव्हणीकडे. आमचं गाव प्रकाशाजवळ, तापीच्या काठाला. इथून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नाही असं नाही, पण मेव्हणी म्हणाली राहू द्या माझ्याकडे, आणि बायकोला आपल्या बहिणीच्या घरापेक्षा सुरक्षित जागा जगात दिसत नाही. ठरलं असं होतं, की सोमवार ते शनिवार तिकडे आणि शनिवारी संध्याकाळच्या एस्टीने घरी. रविवार आमचा. दिवाळीपर्यंत हे नीट चाललं. मग एक रविवार बुडाला, नंतर आणखी एक, आणि पुढे पुढे ती येणार नाही हे मला तिच्या 'हॅलो'वरूनच कळायला लागलं.

मेव्हणीला मूलबाळ नाही. हे लिहिलं की वाचणारा लगेच त्यांच्या बाजूला जाऊन बसतो, म्हणून आधी माझी बाजू सांगतो.

विमानाचं वेड मुळात माझं. शहाद्याला कॉलेजात होतो तेव्हा एका मास्तरांच्या कॉम्प्युटरवर मी पहिल्यांदा फ्लाइट सिम्युलेटर पाहिला, आणि त्या दिवसापासून मी डोक्याने कधी पूर्ण जमिनीवर आलोच नाही. पुढे शेती आली, लग्न झालं, वेड मागे पडलं. लॉकडाऊनमध्ये पोरीची शाळा मोबाइलवर भरायला लागली तेव्हा मी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला कॉम्प्युटर उचलून आणला. घरात सांगितलं, शिक्षणासाठी. सकाळी खरंच शिक्षण व्हायचं. दुपारी मात्र विमानतळ.

जॉयस्टिक नव्हता, सगळं कीबोर्डवर. मी खुर्चीत आणि ती शेजारच्या स्टुलावर. चाकं आणि फ्लॅप्स तिच्याकडे, बाकी कारभार माझ्याकडे. तो जुना सिम्युलेटर होता. त्यात आपल्या भागात गावं नव्हती, झाडं नव्हती, तापी म्हणजे हिरव्या कागदावर ओढलेली निळी पट्टी. मी अंदाजाने पडद्यावर बोट ठेवायचो आणि म्हणायचो, हे प्रकाशा, आणि हे इथे आपलं घर. तिथे काहीच नसायचं. पण मी म्हणालो म्हणजे घर आहे, असं ती धरून चालायची आणि दर खेपेला त्या रिकाम्या हिरव्यावरून जाताना हात हलवायची.

उतरताना ती घाबरायची. जमीन जवळ आली की विमानाचं नाक एकदम खाली करायची. मी सांगायचो, नाक नको पाडू, जमीन कुठे पळून जात नाही. हे वाक्य माझं. कुठल्या पुस्तकात नाही, इंटरनेटवर नाही. पुढे तिला उतरवणं जमायला लागलं तेव्हा मी स्टुलावर गेलो आणि ती खुर्चीत आली. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही, उलट छाती फुगली.

तेव्हा माझे साडू काय म्हणत होते ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, विमान काय उडवता भाऊ, ट्रॅक्टर उडवा, निदान वावर तरी नांगरलं जाईल. सगळे हसले. माझी बायकोही हसली. साडू नंदुरबारला मिरचीचे व्यापारी. पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मैदानात, मिरची वाळत पसरली की तो सगळा लाल पसारा त्यांचाच. माणूस कष्टाळू आहे, गोड आहे, दाराशी आलेल्याला उपाशी पाठवत नाही. असल्या माणसाचा राग करणं फार अवघड असतं, आणि मला ते अवघड काम करावं लागलं.

पोरगी त्यांच्याकडे राहायला गेली तेव्हा सुरुवातीला तिचं मन लागेना. खोलीतून बाहेर यायची नाही. मेव्हणीने फोनवर बायकोला हे सांगितलं, आणि बायकोने बोलता बोलता सांगितलं की तिला ते विमानाचं फार आवडतं. संपलं. महिन्याभरात साडूंच्या हॉलमध्ये सोफा हलवून टेबल आलं, टेबलावर कॉम्प्युटर आला, जॉयस्टिक आला, पायाने दाबायची पेडलं आली, आणि ते तीन स्क्रीन आले. ज्याने आयुष्यात विमानाकडे मान वर करून पाहिलं नाही, त्याच्या घरात विमानतळ. आणि इथे मी, ज्याला झोपेतही धावपट्ट्या दिसतात, त्याचा कॉम्प्युटर सुरू होता होता चहा होऊन जायचा.

मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं ते गहू पोचवायला गेलो तेव्हा. मुलगी त्यांच्या घरी जेवते, म्हणून आम्ही वर्षाचा गहू, शेंगदाणा, केळी त्यांच्याकडे पाठवतो. ते नको म्हणतात, आम्ही ठेवून येतो, ही आमची रीतच आहे. गोणी पायरीवर टेकवली आणि आत बघतो तर पोरगी खुर्चीत, कानाला हेडफोन, आणि शेजारी स्टुलावर साडू. तिला माझी चाहूल लागली नाही. विमान उतरत होतं. समोरच्या मोठ्या पडद्यावर खरी झाडं, खरे रस्ते, संध्याकाळचं ऊन. विमान जमिनीजवळ आलं आणि साडू शांतपणे म्हणाले, नाक नको पाडू, जमीन कुठे पळून जात नाही.

माझं वाक्य. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या तोंडून, माझ्याच पोरीला. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनेच त्यांना ते शिकवलं असणार, आणि तेच तिला परत मिळत होतं. माझं नाव मधल्या मध्ये कुठेतरी गळून पडलं होतं.

मग तिने मला पाहिलं आणि उडी मारून उठली. हात धरून पडद्यासमोर नेलं. "पप्पा, देखा, आपलं घर दिसनं," म्हणाली. तिने विमान नंदुरबारवरून पूर्वेला आणलं, तापी आली, प्रकाशाचा पूल आला, देवळं आली, आणि मग खरोखर आमचं गाव आलं. आमची गल्ली. आमचा पत्रा. शेजारचा निंबसुद्धा. उपग्रहाचे फोटो घालतात नव्या सिम्युलेटरमध्ये, मला माहीत होतं ते सगळं. पण माझं घर मी पहिल्यांदा वरून पाहिलं ते साडूंच्या स्क्रीनवर, आणि ते दाखवायला माझं बोट कोणाला लागलं नाही. मी म्हणालो, छान आहे. चहा घेतला. चहा फार चांगला होता, तेही मला आवडलं नाही.

निघताना साडू दारापर्यंत आले. त्यांच्या मशीनमधलं, पडद्यावरचं चित्र उभं करणारं आधीचं ग्राफिक्स कार्ड त्यांनी बदललं होतं. म्हणाले, "भाऊ, जुनं कार्ड घरमा पडेल शे, तुम्हीन लई जा." चांगलं कार्ड होतं ते. मला हवं होतं त्यापेक्षा चांगलं. मी म्हणालो, नको, माझं काम भागतं. एस्टीत बसल्यावर माझी मलाच चीड आली, पण परत जाऊन मागण्याइतकी नाही.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की आपला कॉम्प्युटर सुधारायचा आहे. बायको भाकरी थापत होती. तिने विचारलं, कोणासाठी? मी म्हणालो, आपल्या पोरीसाठी. तिने भाकरी उलटली आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी होकार धरलं, लग्नापासून धरत आलोय.

आता थोडक्यात सांगतो. नवा कॉम्प्युटर घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा जुन्यातच जीव भरायचा होता. मी रात्रंदिवस व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं, की मदरबोर्डला हात लावायचा नाही, कारण तो बदलला की सगळंच बदलावं लागतं. रॅम वाढवायची, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाकायचा, आणि सगळा जोर ग्राफिक्स कार्डवर द्यायचा. कार्ड घ्यायला सुरतेला गेलो. आमच्याकडे नवं काही घ्यायचं तर माणूस सुरतेला जातो, लग्नाचा बस्ता असो की पंपाचा पार्ट. गाडी नंदुरबारहून पकडली, पण साडूंकडे डोकावलो नाही. स्टेशनवरूनच परस्पर गेलो आणि परस्पर आलो. सेकंडहँड कार्ड मिळालं, एक बटण मेलेला जॉयस्टिक मिळाला. दुकानदार म्हणाला, एकदम कंडिशनमध्ये. पिशवी मांडीवर धरून मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि मनात हिशेब मांडत होतो, की आता रविवार माझा.

घरी येऊन पेटी उघडली आणि गाडी अडली. सायबर कॅफेवाले टेबलाखाली मावतील असे बारके कॅबिनेट घेतात. माझं कार्ड लांब, उंच, दोन पंख्यांचं. ते कसंबसं बसलं, पण झाकण लागेना. कार्डाला जास्त वीज लागते म्हणून मोठा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा आणला होता. तो तर आत जायलाच तयार नाही. शेवटी तो बाहेर एका विटेवर ठेवला, वायरी आत सोडल्या, आणि झाकण काढून कपाटावर टाकून दिलं. उघडं राहिलं तर गार राहील, असा मी स्वतःला दिलासा दिला. आणखी गार राहावं म्हणून टेबलफॅन लावला, थेट कॅबिनेटच्या पोटावर. स्वस्तात मस्त. मी स्वतःवर इतका खूश होतो, की बायकोला दोनदा बोलावून दाखवलं.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता. पुढच्या खोलीत कापूसही होता. जो आमच्याकडचा नाही त्याला हे विचित्र वाटेल. आम्ही कापूस वेचून आणला की घरातली सगळ्यात चांगली खोली त्याला देतो आणि भाव वाढायची वाट बघत बसतो. त्या वर्षी भाव पडलेला होता, म्हणून अख्ख्या गल्लीच्या पुढच्या खोल्या कापसाने भरलेल्या. आमची तर आढ्याला टेकलेली. माणसं मागच्या दाराने ये-जा करायची. कापसाला एक बाजू खोदून मी टेबलाएवढी जागा केली होती, आणि त्या पांढऱ्या गुहेत माझं विमान उभं होतं.

नवा सिम्युलेटर टाकला, आणि पहिली चाचणी झकास झाली. तापी आली, पूल आला, आमचा पत्रा आला. पडदा एकच, पण घर तेच. मी पोरीला फोन केला आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणालो, इथेही आता दिसतं सगळं. ती शनिवारी आली.

रविवारी सकाळी तिला खुर्चीत बसवलं आणि मी स्टुलावर बसलो. जॉयस्टिकच्या मेलेल्या बटणाबद्दल ती काही बोलली नाही. सुरतेहून उडालो, डोंगर ओलांडले, आणि प्रकाशा दिसायच्या बेतात होतं तेवढ्यात फट्‌कन सगळं बंद. काळा पडदा. पुन्हा सुरू केलं, पुन्हा उडालो, पुन्हा तिथेच कुठेतरी बंद. तिसऱ्यांदा तर चाकंही आत गेली नव्हती. ती म्हणाली, राहू द्या पप्पा, छान चालत होतं. असं ती पाहुण्यांशी बोलते. मग ती आईजवळ स्वयंपाकघरात गेली, अंगाला खाज सुटली म्हणाली, कापसात बसलं की सुटतेच, आणि संध्याकाळच्या ऐवजी दुपारच्याच एस्टीने निघाली. अभ्यास आहे म्हणाली.

माझं डोकं फिरलं. आधी वीज मंडळाला शिव्या दिल्या. मग सुरतेच्या दुकानदाराला. मग माझा संशय फिरत फिरत जिथे जायचा तिथे गेला. साडूंना माहीत असणार. त्यांनी तिला आधीच सांगितलं असणार, की तुझ्या बापाचं मशीन टिकायचं नाही, एखादा दिवस कौतुक करून ये. याला पुरावा काही नव्हता. पण त्यांचं शांत, समजूतदार तोंड डोळ्यांपुढे आलं की पुराव्याची गरज वाटायची नाही. बायकोला मी हे बोलून दाखवलं. तिने विचारलं, कॉम्प्युटरवरून मीठमोहऱ्या उतरवू का? आणि खरंच मुठीत मीठ घेऊन आली. मी तिच्याशी जेवेपर्यंत बोललो नाही.

पुढचे काही दिवस मी वावरात कमी आणि त्या गुहेत जास्त होतो. एका दुपारी पडदा काळा पडला तेव्हा मी रागाने कार्डाला हात लावला आणि चटका बसून हात झटकला. मग वाकून नीट पाहिलं. कार्डाच्या दोन्ही पंख्यांवर पांढरं काहीतरी गुंडाळलेलं होतं. चिमटीने ओढलं तर लांबच्या लांब निघत आलं, वातीसारखं वळलेलं. रुई. माझ्या स्वतःच्या कापसाची. टेबलफॅन कापसावरून वारा घेऊन ती थेट उघड्या कॅबिनेटमध्ये फुंकत होता, आणि कार्डाचे पंखे तिचं सूत काढत होते. पंखे अडायचे, कार्ड तापायचं, मशीन बंद. ज्या टेबलफॅनचं मी बायकोला दोनदा दर्शन घडवलं होतं, त्यानेच घात केला होता.

साफ केलं. टेबलफॅन बंद केला. एक दिवस चाललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मशीन मागच्या खोलीत नेलं, तिथेही तेच, कारण कापूस घरात असला की रुई ताटातसुद्धा असते. मोठं कॅबिनेट घेतलं असतं तरी ती शिरलीच असती. उपाय एकच होता, आणि तो मला दिसत होता, आणि तो इतका मूर्खपणाचा होता की मी दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून बसलो. शनिवारी फोन आला. ती येत नव्हती. मी विचारलं, काय करताय तिकडे? ती म्हणाली, आज मावसा एकटे उतरवणार आहेत, मी नुसती शेजारी बसणार आहे. नुसती शेजारी. स्टुलावर. सोमवारी सकाळी मी कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला बोलावणं धाडलं.

अख्खी गल्ली ओट्यावर येऊन उभी राहिली. काटा लागला, गठ्ठे बांधले जायला लागले, आणि प्रत्येक जण जवळ येऊन हळूच विचारत होता, घरात काही आजारपण वगैरे आहे का? या भावात कापूस काढतो म्हणजे माणसावर काहीतरी ओढवलेलं असणार, एवढं सगळ्यांना कळतं. मी कधी कीड लागली म्हणालो, कधी जागा लागते म्हणालो. बायको दारात उभी राहून खोली रिकामी होताना बघत होती. त्या कापसावर तिचेही बेत होते. शेवटचा गठ्ठा निघाला तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पोरगीसाठे कापूस ईकी ऱ्हायनात, हाई कोनले सांगू नका." पुढे भाव वाढला. त्याबद्दल मी बोलत नाही, आणि गल्लीने बोललेलं मला ऐकू येत नाही.

खोली धुतली. भिंतीवरची रुई खराट्याने काढली. कॅबिनेटवर बायकोच्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा ताणून बांधला, वारा जाईल पण धूळ जाणार नाही असा. मशीन सकाळपासून दुपारपर्यंत चालवून पाहिलं, बंद पडलं नाही. मग फोन केला. या वेळी आवाज साधा ठेवायला जमलं नाही. मी सरळ म्हणालो, ये ना या रविवारी. ती म्हणाली, येते.

तो रविवार मी खूप दिवस मनात रंगवून ठेवला होता. ती आली, रिकामी खोली बघून म्हणाली, कापूस कुठे गेला? विकला, मी म्हणालो. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग खुर्चीत बसली आणि मी स्टुलावर. सुरत, डोंगर, प्रकाशा, पूल, देवळं, आमची गल्ली, आमचा पत्रा. मशीन एकदाही कुरकुरलं नाही. पत्र्यावरून जाताना तिने हात हलवला. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग तिने दप्तरातून हेडफोन काढला, बोलायचा माइक असलेला. म्हणाली, पप्पा, आता आपलं मशीन चांगलं चालतंय ना, तर मी मावसालाही बोलावते. मला कळलंच नाही. कोणाला बोलावते? कुठे? तिने दोन-चार ठिकाणी क्लिक केलं, आणि आमच्या विमानाच्या उजव्या अंगाला, आभाळात, दुसरं एक विमान येऊन उभं राहिलं. साडू. आपल्या तीन स्क्रीनसमोर, नंदुरबारला, हॉलमध्ये बसलेले, आणि इंटरनेटवरून इथे आलेले. आणि माझ्या घरात, माझ्या गावावर, माझ्या पोरीच्या शेजारून उडणारे.

इतके दिवस तिला हे करता आलं नव्हतं, कारण आमचं मशीन त्या लायकीचं नव्हतं. ते मी लायकीचं केलं होतं. त्यासाठी मी घरचा कापूस विकला होता.

दुपारपर्यंत ते दोघं उडत होते. हेडफोन तिच्या कानाला, त्यामुळे मला फक्त तिचं ऐकू येई. ती हसायची, मला कळायचं नाही कशाला. ती म्हणायची, नही नही मावसा, उजवीकडे, आणि मला नुसतं पंख वळताना दिसायचं. मी केळी आणून ठेवली. पाणी आणून ठेवलं. स्टुलावर बसून राहिलो, ऐकू न येणाऱ्या गोष्टीला मान हलवत. घर माझं, मशीन माझं, मुलगी माझी, आणि गप्पा त्यांच्या. एवढा जळफळाट मला तीन स्क्रीन पाहिले तेव्हाही झाला नव्हता.

संध्याकाळी तिला फाट्यावर एस्टीला बसवून आलो. जाताना ती म्हणाली, हेडफोन इथेच राहू द्या, पुढच्या रविवारी लागेल. त्या बोलण्याने मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण घरी येऊन बघतो तर पुढची खोली एवढी मोठी दिसत होती. कापूस नाही, पोरगी नाही. मशीन चालूच राहिलं होतं. पडद्यावर आमचं विमान धावपट्टीवर उभं, आणि थोड्या अंतरावर त्यांचंही अजून उभं.

मी खुर्चीत बसलो. हेडफोन कानाला लावला. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"निंघनी का?" साडूंनी विचारलं. मी आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"निंघनी," मी म्हणालो.

"बठाले जागा भेटनी का तिले?"

"भेटनी. खिडकीजोडे."

त्यांनी विमान सुरू केलं, म्हणून मीही केलं. उडालो, आणि नंदुरबारच्या रस्त्याच्या वरून आम्ही हळूहळू जायला लागलो, ते पुढे, मी मागे. खाली त्या फोटोतल्या रस्त्यावर एस्टी असणार नव्हती, तो कधीचा फोटो कोण जाणे, तरी मी वाकून बघत होतो. मला वाटतं तेही बघत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ती रविवारे नही ऱ्हायनी म्हंजे घर खाली खाली लागस, भाऊ."

"हाई तुम्हीन माले सांगी ऱ्हायनात?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. मीही नाही. खरं सांगतो, त्यांचं घर रिकामं लागतं हे ऐकून मला फार बरं वाटलं. आणि त्या तासाभरात, ती माझ्या घरातून निघालेली आणि त्यांच्या घरी न पोचलेली असताना, मला त्यांचा हेवा वाटला नाही. त्या तासात आमच्यात हेवा करण्यासारखं कोणाकडेच काही नव्हतं. आम्ही गप्पच उडत होतो, पण एकमेकांना सोडून पुढे जात नव्हतो.

मग हेडफोनमध्ये, त्यांच्या बाजूला, दाराची बेल वाजली.

"भाऊ, पोरगी उनी," ते म्हणाले, आणि त्यांनी हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज आला.